चार नंबर बसचं शेपूट

मी एकदा एका मेलेल्या माणसाला सलग एकवीस दिवस ड्युटी लावली होती. कंपनीत लोक मला अजून त्यावरूनच ओळखतात. गेल्या वर्षी निवृत्त झालो तेव्हा शाल-श्रीफळ मिळालं, भाषणं झाली, आणि प्रत्येक भाषणात रावजीभाई आलेच. तेव्हा ते प्रकरण आधी उरकून घेतो, म्हणजे तुम्हीही मोकळे आणि मीही.

आमची कंपनी मकरपुऱ्याला. पाइपांना लागणारे व्हॉल्व्ह बनवते. नाव सांगत नाही, कारण दिवाळीला तिथून मिठाईचा डबा येतो आणि तो यापुढेही यावा अशी इच्छा आहे. तिथल्या कॉम्प्युटर विभागात मी होतो. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक एसी. एसी माझ्यासाठी नव्हता, मशीनसाठी होता. खापरपणजोबा संस्थानच्या पागेत होते, म्हणून आमच्या घरात भिंतीवर तलवार आहे आणि बोलण्यात गुर्मी आहे. त्या घराण्यातल्या मुलाने हयात थंड खोलीत बसून काढली, आणि तीसुद्धा मशीनला थंडी पुरते आहे ना हे बघण्यात, याचं वडिलांना शेवटपर्यंत वाईट वाटत होतं.

तर रावजीभाई. सिक्युरिटीच्या लोकांच्या ड्युट्या लावण्याचं काम माझ्याकडे आलं. मी मशीनला सांगितलं, कमीत कमी दांड्या पडतील असं वेळापत्रक शोधून दे. मशीनने सगळ्यांचे रजेचे अर्ज तपासले. वर्षभरात एकही अर्ज नसलेला एकच माणूस निघाला. रावजीभाई. मशीन त्यांच्यावर बेहद्द खूश झालं आणि मेन गेटची सकाळची पाळी तीन आठवडे त्यांनाच देऊन टाकली. पहिल्या दिवशी सुपरवायझरचा फोन आला.

"मोहितेसाहेब, रावजीभाई तर आले नाहीत."

"का? कधी दांडी मारत नाहीत ते."

"साहेब, ते गेल्या उत्तरायणच्या आधीच धाममां गेले. मी स्वतः खांदा दिला."

मस्टरवरून नाव काढायचं राहून गेलं होतं. मेलेला माणूस रजा मागत नाही, त्यामुळे मशीनच्या हिशेबात तो आदर्श कामगार. चूक मशीनची नव्हती, हे मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो. कोणी ऐकत नाही.

दुसरं प्रकरण कॅन्टीनचं. अन्न फार वाया जातं, तेव्हा काय शिजवायचं आणि किती, हे मशीनने ठरवावं असा वरून हुकूम आला. मी मशीनला सांगितलं, संध्याकाळी उरलेलं अन्न जितकं कमी तितके गुण जास्त. चार तास मशीन घरघरलं आणि त्याने आठवड्याचा मेनू काढून दिला. सोमवारी डाळ शून्य किलो, भात शून्य किलो. मंगळवारी उंधियू शून्य किलो. शनिवारपर्यंत हेच. काहीच शिजवलं नाही तर उरणार काय? कॅन्टीनच्या महाराजांनी तो कागद कपाळाला लावला आणि म्हणाले, "साहेब, एकदम शुद्ध उपवास आहे. अंमलात कधीपासून आणायचा?"

आता हे मशीन करतं काय, ते बाहेरच्यांसाठी सांगतो. घाबरू नका, गणित नाही.

समजा एका बसला अठरा स्टॉप घ्यायचे आहेत. कोणता आधी, कोणता नंतर? अठरा स्टॉप किती प्रकारे लावता येतात हा आकडा लिहायला घेतला तर संपादक माझं मानधन कापतील. सगळे प्रकार तपासायला जन्म पुरायचा नाही. मग करायचं असं, की शंभर चिठ्ठ्या घ्यायच्या आणि प्रत्येकीवर अठरा स्टॉप रामभरोसे क्रमाने लिहायचे. बहुतेक चिठ्ठ्या भयंकर निघतात. बस हरणीहून निघते, मकरपुऱ्याला कंपनीला वळसा घालते आणि पुन्हा हरणीला येते. प्रत्येक चिठ्ठीला गुण द्यायचे. भयंकरांना केराची टोपली दाखवायची. बऱ्यापैकी चिठ्ठ्यांची आपसात लग्नं लावायची. मुलाने पहिले नऊ स्टॉप आईचे घ्यायचे आणि उरलेले बापाच्या क्रमाने. माझ्या पहिल्या प्रयत्नात ही 'उरलेले'ची अट घालायची राहिली, तेव्हा एक अपत्य असं जन्मलं की त्यात मांडवी तीनदा होती आणि फतेगंज एकदाही नव्हतं. शिवाय अधूनमधून एखाद्या मुलाचे दोन स्टॉप उगीचच उलटसुलट करायचे. हे केलं नाही तर काही पिढ्यांत शंभरच्या शंभर चिठ्ठ्यांची तोंडं एकसारखी दिसू लागतात आणि सुधारणा थांबते. आमच्या नात्यात चारच घराण्यांत सोयरीक करण्याचा हट्ट होता, त्यामुळे ही गोष्ट मला चटकन समजली.

असं हजारो पिढ्या चालवलं की शेवटी जी चिठ्ठी उरते, ती थक्क करते. कोणीही न आखता आखलेला रूट. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा घरी जाऊन बायकोला म्हणालो, "सुनंदा, मी आज उत्क्रांती घडवली."

आमची सुनंदा शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होती. ती भाकरवडी खात होती. खाऊन झाल्यावर म्हणाली, "गुण कोण देतं?"

"मी देतो."

"मग ही कसली उत्क्रांती? ही तर सहामाही परीक्षा. अहो, निसर्गात परीक्षक नसतो. जो जगला तो जगला, ज्याला पोरं झाली त्याची पोरं. कुठे पोचायचंय हे कुणालाच ठाऊक नसतं. तुमच्या बसला मकरपुऱ्याला पोचायचंय."

"पण पद्धत तीच ना? निवड तीच, वारसा तोच, मधूनच होणारी गडबड तीच."

"जिराफ माहीत आहे? त्याच्या मेंदूपासून घशाकडे एक नस जाते. अंतर वीतभर. पण ती नस आधी मानेतून खाली छातीपर्यंत जाते, तिथे एका रक्तवाहिनीला वळसा घालते आणि मान चढून परत घशाशी येते. का? तर पूर्वज मासे होते, त्यांना मान नव्हती, तेव्हा तो रस्ता सरळ होता. नंतर मान लांबत गेली, नस बिचारी ताणत गेली. खरी उत्क्रांती अशी असते. जुनं काही टाकून देत नाही, ठिगळावर ठिगळ लावते. तुमच्या मशीनला एखादं बिनकामाचं शेपूट फुटलं तर सांगा, मी मानेन."

हा वाद आमच्या घरात बारा वर्षं चालला. इतर घरांत सासूवरून होतो तसा.

आता रमणभाई. रमणभाई चार नंबर बसचे ड्रायव्हर. एकोणीस वर्षं तीच बस, तोच रूट. हरणीच्या एअरपोर्टपलीकडून निघायचे, आमच्या सोसायटीच्या गेटवर मला घ्यायचे, तिथून फतेगंज, मग उलटे फिरून कारेलीबाग, मग मांडवीच्या बाहेरून वळसा घालून मकरपुरा. मी बसमध्ये चढलो की तिसऱ्या मिनिटाला झोपायचो. कंपनीच्या गेटवर रमणभाई आरशात बघून ओरडायचे, "मोहितेसाहेब, मकरपुरा!" मग मी उठायचो. तोवर बावीस वर्षं मी कंपनीच्या बसने गेलो होतो, त्यांतली एकोणीस रमणभाईंच्या मागे बसून, पण हा रस्ता मी डोळे उघडे ठेवून कधी पाहिलेला नव्हता.

आणि एक दिवस मी मिरवायला गेलो. नवे मॅनेजर आले होते, पारेखसाहेब. त्यांना प्रत्येक गोष्ट सरळ आवडायची. पेन टेबलावर सरळ, खुर्च्या सरळ. त्यांच्यावर छाप पाडावी म्हणून मी चार नंबरचे अठरा स्टॉप मशीनमध्ये घातले, हजारो पिढ्या फिरवल्या आणि नवा रूट छापून त्यांच्यापुढे ठेवला. जुन्यापेक्षा बावीस मिनिटं कमी. पारेखसाहेबांनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवले. जुना रूट जिलबीसारखा दिसत होता.

"हे कोण चालवतं?"

"रमणभाई. एकोणीस वर्षं."

"ज्याने एकोणीस वर्षं वाकडी चालवली, तो सरळ काय चालवणार? तुम्हाला तीन सोमवार देतो. नवा रूट चालवून दाखवा. चालला की त्यांना स्टिअरिंगवरून उतरवू आणि कंत्राटदाराचा माणूस घेऊ. निवृत्तीला दोन वर्षं आहेत ना? तोवर आवारात फोर्कलिफ्ट धुतील."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आनंदच झाला होता, की पस्तीस वर्षांत पहिल्यांदा माझा कागद कोणी दोनदा वाचला. रमणभाईंचं पुढे काय होणार हे मला जिना उतरताना कळलं. आपण काय करून बसलो, हे नेहमी जिना उतरतानाच कळतं.

बातमी माझ्याआधी बसमध्ये पोचली. संध्याकाळी रमणभाईंनी नेहमीसारखी बस चालवली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती फोर्कलिफ्टच्या आवाजाने. बस आवारात उभी होती, सगळे केव्हाच उतरून गेले होते, आणि मी एकटा तोंड उघडं टाकून झोपलो होतो. मला उठवलंच नव्हतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी माझं पंचिंग अर्धा तास उशिरा झालं आणि मनाला फार लागलं.

पहिला सोमवार उजाडला. मी कागद डॅशबोर्डवर चिकटवला. "रमणभाई, फक्त यावर लिहिलंय तसं."

"जसं लिहिलं तसं, साहेब," ते म्हणाले. "कानो-मात्रा बदलणार नाही."

आणि नाही बदलला. माणसाला धडा शिकवायचा असेल तर त्याचं तंतोतंत ऐकावं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मशीनने मांडवी आधी घेतली होती, कारण नकाशावर ती जवळ पडते. मांडवीच्या तोंडाशी फुलवाल्यांच्या हातगाड्या. सात वाजेपर्यंत त्या रस्त्यावर झेंडूशिवाय कोणाला जागा नसते. बस वीस मिनिटं मागे घेत होतो आणि बायका खिडकीतून हार विकत घेत होत्या. मग फतेगंज. तिथे शाळेची वेळ झालेली. रिक्षांतून पोरं अशी लोंबत होती की रमणभाई हॉर्नसुद्धा वाजवेनात. "दचकून पडलं एखादं, तर?" एवढंच म्हणाले.

मग कारेलीबाग. तिथे जुन्या रूटवर चाळीस पावलांच्या अंतरावर दोन स्टॉप होते. मशीनला आणि मलाही तो शुद्ध मूर्खपणा वाटला होता. मी दोन्ही मिळून बरोबर मध्यावर एक स्टॉप केला होता. बस तिथे थांबली. उजवीकडे वीस पावलांवर स्टोअरचे देसाईभाई उभे. डावीकडे वीस पावलांवर अकाउंट्सचे सावंत. दोघेही जागचे हलेनात.

"या ना!" मी दारातून ओरडलो.

"आधी त्यांना येऊ द्या," सावंत म्हणाले.

"पहेला ए आवे," देसाईभाई म्हणाले.

मागच्या सीटवरून कोणीतरी मला समजावलं. सहा वर्षांपूर्वी उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, देसाईभाईंनी सावंतांचा पतंग कापला. कापला तर कापला, गच्चीवर उभं राहून 'काप्यो छे' ओरडले आणि थाळी वाजवली. ती थाळी सावंतांच्या सासुरवाडीच्या लोकांनी ऐकली. तेव्हापासून बोलणं बंद. जो आधी चालत येईल तो हरला. अकरा मिनिटं बस उभी. शेवटी रमणभाईंनी बस वीस पावलं मागे घेतली, एकाला चढवलं, चाळीस पावलं पुढे नेली, दुसऱ्याला चढवलं. माझ्याकडे पाहिलंही नाही.

आम्ही पन्नास मिनिटं उशिरा पोचलो. पारेखसाहेब गेटवर घड्याळ घेऊन उभे होते. म्हणाले, "मशीन बरोबर आहे. ड्रायव्हरने मुद्दाम केलं असणार. अजून दोन सोमवार."

मला घरी जेवण गेलं नाही. सुनंदाला सगळं सांगितलं. रमणभाईंनी काही मुद्दाम केलं नव्हतं, पण ते सिद्ध कसं करायचं? आणि त्यांचा रूट इतका वेडावाकडा असून चालतो कसा?

सुनंदा म्हणाली, "अहो, तो रूट कोणी आखला?"

"कोणीच नाही. होत होत झाला."

"मग? एकोणीस वर्षं रोज सकाळी जी बस पोचली तिचा रस्ता टिकला, जी अडकली तिचा बदलला. तुमच्या मशीनमध्ये उत्क्रांती शोधत बसलात, आणि ती तुम्हाला रोज ऑफिसला नेत होती. तुम्ही घोरत होतात."

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन रमणभाईंच्या शेजारच्या सीटवर बसलो आणि जागा राहिलो. हे लिहायला सोपं आहे. फतेगंजला डोळे मिटायला लागायचे तेव्हा मी मांडीला चिमटे काढायचो. जुन्याच रूटवर आठवडाभर फिरलो आणि प्रत्येक वळणाला विचारत गेलो, हे का? रमणभाई आधी "असंच" म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी मी सेव-उसळ खाऊ घातली. मग बोलायला लागले.

फतेगंज आधी, कारण शाळा. मांडवी शेवटी, कारण फुलं. कारेलीबागेत दोन स्टॉप, कारण पतंग. एका चौकात डावीकडून न जाता उजवीकडून, कारण तिथल्या सोसायटीचा कुत्रा बसच्या चाकामागे धावतो आणि लॅबमधल्या एका बाईंना ते बघवत नाही. कुत्रा तीन वर्षांपूर्वी गेला. बाई अजून त्या बाजूला बघत नाहीत.

आणि मांडवी सोडल्यावर एका कडुलिंबापाशी बस थांबली. रमणभाईंनी दार उघडलं. कोणी नव्हतं. एकदा हॉर्न दिला. एक मिनिट गेलं. दार लावलं, निघाले.

"इथे कोण चढतं?"

"कोणी नाही."

"मग थांबलात का?"

"भोसलेकाका इथून चढायचे. रोज मोडे, कायम उशीर. डबा घेऊन धावत यायचे, एक चप्पल पायात, एक हातात. त्यांना एक मिनिट द्यायला लागायचं."

भोसलेकाकांना मी ओळखत होतो. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. वारून पाच.

"रमणभाई, ते नाहीत आता."

"खबर आहे ने, साहेब. पण टेव पडली. पाय आपोआप ब्रेकवर जातो." मग गिअर बदलत म्हणाले, "आणि न थांबता गेलो, तर वाटतं ते मागून धावत येतायत."

मी वहीत लिहिलं, 'कडुलिंब, एक मिनिट, कारण नाही.' मनात म्हटलं, जिराफाची नस.

मग मी मशीनला सगळी कारणं घातली. शाळेची वेळ, फुलांची वेळ, पतंगाचं वैर. देसाई आणि सावंत यांच्यातलं अंतर चाळीस पावलांपेक्षा कमी झालं तर उणे पाचशे गुण. मेलेल्या कुत्र्याचे उणे दहा. पुन्हा हजारो पिढ्या फिरवल्या. जो रूट निघाला तो पाहून मला हसावं की रडावं कळेना. जवळजवळ रमणभाईंचाच होता. फक्त कडुलिंब नव्हता, कारण तिथे चढणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या सोमवारी तो चालवला. सगळं सुरळीत. मांडवी मोकळी, देसाई-सावंत आपापल्या जागी, मला मांडीला चिमटाही काढावा लागला नाही. कडुलिंबापाशी न थांबता गेलो तेव्हा रमणभाईंनी आरशात मागे पाहिलं. मीही पाहिलं, सांगायला लाज कसली. आणि एक मिनिट आधी आम्ही कंपनीच्या गेटवर पोचलो, नेमके दोन नंबरच्या बसबरोबर. गेट एका बसपुरतंच रुंद आहे. दोन्ही बस एकदमच वळल्या आणि दोन्हींची नाकं गेटात अडकली. मागून एक व्हॉल्व्हचा ट्रक आला, त्यामुळे मागेही जाता येईना. कामगार खिडक्यांतून उतरले. पारेखसाहेबांची गाडी ट्रकच्या मागे होती. ते पहिल्यांदाच वाकडेतिकडे चालत, चिखल चुकवत, गेटपर्यंत आले.

दोन नंबरचा ड्रायव्हर रमणभाईंवर ओरडत होता, "आज वहेलो केम आलास, इतका लवकर? रोज तर माझ्या मागे असतोस!"

मी गेटवरच वही उघडली. भोसलेकाकांचं ते एक मिनिट गेलं आणि गेट अडकलं. नऊ वर्षं ते रिकामं मिनिट दोन बसना एकमेकींपासून लांब ठेवत होतं, आणि हे रमणभाईंना माहीत नव्हतं, दोन नंबरवाल्याला नव्हतं, कोणालाच नव्हतं.

शेवटचा सोमवार. मी मशीनला गेटची अडचण सांगितली आणि वाटेल तिथे वाटेल तितकं थांबण्याची मुभा दिली. हजार पिढ्या मशीन वेड्यासारखं थांबत राहिलं, एका रूटमध्ये तर ते फतेगंजला चाळीस मिनिटं उभं होतं. दोन हजारांनंतर सुधारलं. चार हजाराव्या पिढीत जो कागद बाहेर आला त्यात जुना रूट होता, वळणासकट, पतंगासकट, आणि शेवटाकडे एक मिनिटाचा थांबा.

खरं सांगायचं तर मशीनने तो थांबा कडुलिंबापाशी घातला नव्हता. त्याच्या एक स्टॉप अलीकडे, बँकेसमोर घातला होता. मी पेनाने खोडून कडुलिंब केलं. नोकरीत मी मशीनच्या उत्तरात केलेली ही एकमेव लबाडी. पश्चात्ताप नाही.

सोमवारी बस वेळेवर पोचली. दोन नंबर आत गेली, मग आम्ही. पारेखसाहेबांनी कागद पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

"हा तर जुनाच रूट आहे!"

"नाही साहेब. हा चार हजार पिढ्यांनंतर आलाय."

"कॉम्प्युटरने काढला?"

"कॉम्प्युटरनेच."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि सही केली. "आणि ड्रायव्हर?"

"साहेब, हा रूट चालवायला नवा माणूस शिकवायला लागेल. रमणभाईंना कसा कुणास ठाऊक, आधीच येतोय."

रमणभाई स्टिअरिंगवर राहिले. त्यांनी तो कागद लॅमिनेट करून डॅशबोर्डवर लावला आणि त्याला लिंबू-मिरची बांधली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम निर्धास्त झोपलो. गेटवर आवाज आला, "मोहितेसाहेब, मकरपुरा!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण झोपेतून उठताना ते कोणालाही येतं.

घरी येऊन मी सुनंदापुढे कागद ठेवला. "हे बघ, फुटलं शेपूट. एक मिनिट, रिकाम्या जागी."

तिने चष्मा लावून वाचलं. "याने गेट सुटतं ना? मग हे बिनकामाचं कुठे? शिवाय ते मिनिट मशीनने गुणांसाठी घातलं. रमणभाईंनी भोसल्यांसाठी ठेवलं. दिसायला एक, पण गोत्र वेगळं. अहो, वटवाघळालाही पंख असतात आणि चिमणीलाही." मी हरलो. बारा वर्षांचा वाद तिने भाकरवडीही न सोडता जिंकला.

पुढे मी निवृत्त झालो. रमणभाई माझ्यानंतर चार महिन्यांनी झाले. माझ्या निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी मी बाल्कनीत चहा घेत होतो, तर चार नंबर आमच्या गेटवर थांबली. दार उघडलं, एक हॉर्न झाला. आमच्या सोसायटीतून आता त्या बसला कोणीच जात नाही. मी वरून हात केला. रमणभाईंनी आरशातून वर पाहिलं, एक मिनिट थांबले आणि गेले. असं रोज, ते निवृत्त होईपर्यंत.

मग नवा ड्रायव्हर आला, चाळिशीचा, छाणीचा आहे म्हणे. मला वाटलं, संपलं. पहिल्याच सकाळी हॉर्न. दार उघडलं. एक मिनिट. दार बंद. दुसऱ्या दिवशीही तेच. महिनाभर मी वरून पाहत होतो. शेवटी राहवेना, म्हणून परवा चहाचा कप घेऊन खाली गेलो आणि बसच्या दाराशी उभा राहिलो.

"भाई, इथे का थांबता? इथे तर कोणी चढत नाही."

तो मला ओळखत नव्हता. म्हणाला, "काका, रमणभाईंनी पंधरा दिवस शेजारी बसून रूट शिकवला. म्हणाले इथे एक मिनिट थांबायचं, मांडवीपुढे लिंबड्याखाली एक मिनिट. एवढंच. इथे म्हणे कोणी मोहितेसाहेब होते."

"हो का? कसे होते?"

"खबर नाही. रोज मोडे यायचे, एवढं सांगतात."

मी इतक्या वर्षांत बसला एकदाही उशीर केलेला नव्हता. हे त्याला सांगणार होतो, पण त्याचं मिनिट संपलं होतं. त्याने दार लावलं, मी बाजूला झालो, आणि बस फतेगंजकडे वळली. वर आलो तर सुनंदा बाल्कनीत उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मानलं," ती म्हणाली. "हे खरं शेपूट."

तिने माझ्या हातातला गार झालेला कप घेतला आणि चहा पुन्हा गरम करायला आत गेली. मी तिथेच उभा राहिलो. त्या मिनिटाने आता गेटवर कोणाची कोंडी सुटते, हे मला ठाऊक नाही. ते शोधायला माझ्याकडे मशीन नाही, आणि असतं तरी मी लावलं नसतं. उद्या सकाळी मात्र मी पायात एकच चप्पल घालणार आहे, दुसरी हातात घेणार आहे आणि धावत खाली जाणार आहे. माझ्या नावावर उशीर लिहिलाच आहे, तर एकदा तरी तो केलेला असावा.